लढाई पूर्वेला, पहारा पश्चिमेला: अमेरिकी यादवी युद्धातलं ओरेगन

१,८१० माणसं आणि ४५ मृत्यू. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सरकारी हिशेबात ओरेगन राज्यापुढे एवढीच नोंद आहे. ज्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक गेले, त्यात ही नोंद डोळ्यांत भरत नाही. ओरेगनच्या एकाही पलटणीची, गुलामगिरीसाठी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या फौजेशी गाठ पडली नाही. त्यामुळे युद्धाच्या जाडजूड इतिहासांत या राज्याची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते, आणि तोही बहुतेक वेळा सिनेटर बेकरच्या मृत्यूबद्दल असतो.

तरी हे प्रकरण मला बारकाईने पाहण्यासारखं वाटतं. दूरच्या सरहद्दीवरचं राज्य यादवीत नेमकं काय करतं, हे इथे इतर कुठल्याही धुराळ्याशिवाय दिसतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: युद्ध ओरेगनमध्ये लढाई होऊन आलं नाही, पोकळी होऊन आलं. खडी फौज पूर्वेला गेली, ती जागा स्वयंसेवकांनी भरली, आणि संघराज्य वाचवण्याची शपथ घेतलेल्या या स्वयंसेवकांनी प्रत्यक्षात कॅस्केड पर्वताच्या पूर्वेचा मुलूख सोनं शोधणाऱ्यांसाठी आणि वसाहतवाल्यांसाठी मोकळा करून देण्याचं काम केलं. या कामाची किंमत ज्यांनी मोजली त्या तिथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांचा गुलामगिरीच्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

राज्य होऊन दोन वर्षं

ओरेगन १४ फेब्रुवारी १८५९ रोजी संघराज्यात आलं, तेहेतिसावं राज्य म्हणून. क्षेत्रफळ महाराष्ट्राहून कमी, आणि १८६० च्या जनगणनेत लोकसंख्या ५२,४६५. त्यातले बहुतेक लोक पश्चिमेच्या पावसाळी विलामेट खोऱ्यात शेती करणारे. कॅस्केडच्या पलीकडे कोरडा, उंच, सेजच्या झुडपांचा प्रदेश होता. तिथे मूळ रहिवासी, स्थलांतरितांची वाट आणि दोन-चार लष्करी ठाणी, एवढंच. रेल्वे नव्हती, तार नव्हती. वॉशिंग्टनहून हुकूम यायचा तो बोटीने पनामा आणि सान फ्रान्सिस्कोमार्गे, किंवा घोड्यावरून. पोर्टलंडला तार पोहोचली १८६४ मध्ये, म्हणजे युद्ध संपायला एक वर्ष उरलं असताना.

राजकारण मात्र देशाच्या राजकारणाहून कमी गुंतागुंतीचं नव्हतं. १८५७ मध्ये राज्यघटनेवर मतदान झालं तेव्हा गुलामगिरीच्या विरोधात ७,७२७ आणि बाजूने २,६४५ मतं पडली. त्याच मतदारांनी त्याच दिवशी कृष्णवर्णीयांना राज्यात राहायलाच बंदी करणारं कलम ८,६४० विरुद्ध १,०८१ मतांनी मंजूर केलं. गुलामही नको आणि मोकळा काळा माणूसही नको, हा ओरेगनचा कौल. पुढचं सगळं वाचताना तो लक्षात ठेवावा, नाहीतर हे राज्य उगाच ध्येयवादी वाटू लागतं.

१८६० च्या निवडणुकीत लिंकनला इथे बहुमत मिळालं नव्हतं. मतं तीन मोठ्या वाट्यांत विभागली गेली आणि दक्षिणेचा उमेदवार ब्रेकिनरिज तीनशेहून कमी मतांनी मागे राहिला. ब्रेकिनरिजबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला जोसेफ लेन हा ओरेगनचाच सिनेटर होता, आणि त्याचा एक मुलगा वेस्ट पॉइंटची लष्करी शाळा सोडून दक्षिणेच्या फौजेत गेला. राज्यपाल जॉन व्हाइटेकर डेमोक्रॅट. बळजबरीने संघराज्य टिकवता येत नाही, असं त्याचं मत होतं आणि तो ते लपवत नव्हता. म्हणजे एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा डागल्या जाऊन युद्ध सुरू झालं तेव्हा लिंकनसाठी फौज उभी करायची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्यालाच ते काम नको होतं.

फौज गेली

युद्धापूर्वी या कोपऱ्यात खड्या फौजेचा वावर चांगला होता, कारण १८५० चं दशक रक्तरंजित गेलं होतं. रोग नदीचं युद्ध, याकिमा युद्ध, आणि १८५८ मध्ये कर्नल जॉर्ज राइटची स्पोकेनकडची मोहीम. त्या मोहिमेत राइटने सात-आठशे घोडे पकडून गोळ्या घालून मारवले, म्हणजे टोळ्यांना हालचालच करता येऊ नये. हा राइट लक्षात ठेवावा, पुढे सगळा पॅसिफिक किनारा त्याच्याच हातात येणार आहे.

या ठाण्यांवर धूळ खात पडलेले तरुण अधिकारी पुढे कुठे पोहोचले ते पाहिलं की गंमत वाटते. युलिसिस ग्रँट १८५२–५३ मध्ये फोर्ट व्हँकुव्हरवर होता. दक्षिणेचा जॉर्ज पिकेट, ज्याच्या नावाने गेटिसबर्गचा हल्ला ओळखला जातो, तो १८५९ मध्ये सान हुआन बेटावर इंग्रजांसमोर छाती काढून उभा होता. फिलिप शेरिडन फोर्ट यामहिलवर किनाऱ्याच्या, मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या क्षेत्राची पहारेदारी करत होता.

शेरिडनचा किस्सा इथे सांगायलाच हवा. १८६१ मध्ये त्याच्याकडून ठाण्याचा ताबा घ्यायला कॅप्टन जेम्स आर्चर आला. आर्चर मेरीलंडचा, आणि त्याची सहानुभूती कुणाकडे याबद्दल शेरिडनला संशय. शेरिडन हुद्द्याने खालचा असूनही त्याने ताबा द्यायला नकार दिला आणि दुसरा अधिकारी येईपर्यंत ठाणं सोडलं नाही. आर्चरने पुढे राजीनामा दिला आणि तो दक्षिणेच्या फौजेत जनरल झाला. ओरेगनच्या भूमीवर उत्तर आणि दक्षिण आमनेसामने आले असतील तर ते असे, एका लाकडी ठाण्याच्या कचेरीत, किल्ल्यांच्या जुडग्यावरून.

१८६१ च्या उन्हाळ्यापासून खडी फौज तुकड्या-तुकड्यांनी बोटीत बसून पूर्वेला निघाली. सप्टेंबरात शेरिडनही गेला. मोकळ्या झालेल्या ठाण्यांवर पहिल्यांदा कोण आलं, तर कॅलिफोर्नियाचे स्वयंसेवक. घरची कर्ती माणसं परगावी गेल्यावर शेजाऱ्याने दाराशी खाट टाकून झोपावं तसं कॅलिफोर्नियाच्या पायदळाने फोर्ट यामहिल, फोर्ट हॉस्किन्स सांभाळले. ओरेगनचा स्वतःचा एकही शिपाई अजून उभा नव्हता.

राज्यपालाला वगळून भरती

आधी राइटने रीतीप्रमाणे राज्यपालाकडे घोडदळाची एक कंपनी मागितली. भरती रडतखडत चालली, भरती करणाऱ्यांच्याच निष्ठेबद्दल कुजबुज सुरू झाली, आणि तो प्रयत्न गुंडाळला गेला. मग युद्धखात्याने जे केलं ते या प्रकरणातलं सर्वांत धीट पाऊल होतं. राज्यपालाला बाजूला ठेवून वॉशिंग्टनने थेट थॉमस कॉर्नेलियस या स्थानिक माणसाला घोडदळाची रेजिमेंट उभी करण्याचा अधिकार दिला. रिवाज असा होता की स्वयंसेवकांच्या पलटणी राज्यपाल उभ्या करतो आणि अधिकारीही तोच नेमतो. इथे केंद्राने राज्याच्या डोक्यावरून थेट गावात हात घातला.

अशी फर्स्ट ओरेगन कॅव्हलरी जन्माला आली. परवानगी दहा कंपन्यांची होती, १८६१–६२ च्या हिवाळ्यात उभ्या राहिल्या सहा. घोडा ज्याचा त्याने आणायचा, सरकार त्याचा रोजचा भत्ता देणार. मुदत तीन वर्षं, शेवटी १०० डॉलर बक्षीस. विलामेट खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची मुलं आली ती बहुतेक एकाच आशेने: आपल्याला पूर्वेला नेतील, खऱ्या लढाईत. कुणालाच नेलं नाही.

दहाच्या सहा का झाल्या, याचं उत्तर देशभक्तीत शोधायची गरज नाही. १८६१–६२ मध्ये पूर्व ओरेगनमध्ये आणि पुढे आयडाहो झालेल्या मुलुखात सोनं सापडलं. कॅन्यन सिटीची खाण १८६२ ची. ज्याच्याकडे घोडा आहे आणि अंगात रग आहे, असा तरुण तेरा डॉलर महिन्यावर पहारा करायला का येईल? त्यात पगार कागदी. युद्धखर्चासाठी छापलेल्या ग्रीनबॅक नोटा किनाऱ्यावरचे व्यापारी दर्शनी किमतीला घेत नसत, इथे व्यवहार सोन्यात चालत. १८६४ च्या उन्हाळ्यात कागदी डॉलरची किंमत सोन्यात चाळीस सेंटच्या आसपास घसरली होती. शिपायाच्या हातात जो पगार पडायचा त्याच्या निम्म्या किमतीचाही माल बाजारात मिळत नव्हता. १८६४ च्या शेवटी फर्स्ट ओरेगन इन्फन्ट्री उभी करायची वेळ आली तेव्हा राज्याला स्वतःच्या तिजोरीतून जादा बक्षीस कबूल करावं लागलं, तेव्हा कुठे दहा कंपन्या भरल्या.

बेकर

ओरेगनचं नाव या युद्धात ज्याच्यामुळे निघतं तो एडवर्ड डिकिन्सन बेकर ओरेगनचा होता असं म्हणणं जरा ओढूनताणूनच. जन्म लंडनचा, वकिली इलिनॉयमध्ये, मग सान फ्रान्सिस्को. ओरेगनमध्ये आला १८६० च्या सुरुवातीला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विधिमंडळातल्या रिपब्लिकन आणि उत्तरेचा डेमोक्रॅट उमेदवार डग्लसच्या बाजूच्या डेमोक्रॅटांनी मिळून त्याला सिनेटवर पाठवला. लिंकनचा जुना मित्र. इतका, की लिंकनने दुसऱ्या मुलाचं नाव एडवर्ड बेकर ठेवलं होतं. ऑगस्ट १८६१ मध्ये बेकर लष्करी गणवेशातच सिनेटमध्ये आला आणि अजून तिथे बसलेल्या ब्रेकिनरिजला त्याने जोरदार उत्तर दिलं. म्हणजे एका वर्षापूर्वी ओरेगनच्या मतदारांना जी निवड करायची होती, तिचे दोन्ही चेहरे त्या दिवशी एका सभागृहात उभे होते.

२१ ऑक्टोबर १८६१ रोजी पोटोमॅक नदीकाठी बॉल्स ब्लफ इथे बेकर मारला गेला. त्याच्या हाताखाली पेन्सिल्व्हेनियात भरती झालेली, पण 'कॅलिफोर्निया रेजिमेंट' म्हणवणारी पलटण होती. ओरेगनचा शिपाई एकही नाही. मोजक्या होड्यांतून त्याने माणसं नदीपार उंच कड्यावर चढवली, आणि हटायची वेळ आली तेव्हा परतीच्या होड्या अपुऱ्या पडल्या. उत्तरेची नऊशेहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. पदावर असताना लढाईत मारला गेलेला तो अमेरिकेचा एकमेव सिनेटर. चूक बरीचशी त्याची होती, पण हुतात्म्याला दोष कोण देणार? तो जनरल चार्ल्स स्टोनच्या माथी मारला गेला आणि स्टोनला खटल्याशिवाय सहा महिने कैदेत ठेवलं. काँग्रेसची युद्धचौकशी समितीही याच पराभवातून निघाली. बेकरच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी खंड ओलांडणारी तार पुरी झाली आणि सान फ्रान्सिस्कोला त्या तारेवरून मिळालेल्या अगदी पहिल्या बातम्यांत ती बातमी होती.

रिकाम्या जागेवर राज्यपाल व्हाइटेकरने बेंजामिन स्टार्कला नेमलं. हा माणूस दक्षिणेचा उघड पाठीराखा असल्याच्या तक्रारी वॉशिंग्टनला पोहोचल्या आणि सिनेटने त्याला आत घ्यायचं की नाही यावर फेब्रुवारी १८६२ अखेरपर्यंत वाद घातला. शेवटी घेतलं. उत्तरेसाठी मेलेल्या माणसाच्या खुर्चीत असा माणूस बसावा, हा ओरेगनच्या राजकारणाचा खरा नमुना. त्या उन्हाळ्यात मतदारांनी युनियन आघाडीचा ॲडिसन गिब्ज राज्यपाल म्हणून निवडला आणि राज्याचं सरकार आणि लष्कर पहिल्यांदा एका दिशेला तोंड करून उभे राहिले.

कॅस्केडच्या पलीकडे

आता खऱ्या कामाकडे वळू. सान फ्रान्सिस्कोहून सगळा पॅसिफिक विभाग चालवत होता जॉर्ज राइट. ओरेगन जिल्ह्याचा, म्हणजे ओरेगन आणि वॉशिंग्टन प्रदेश मिळून, प्रमुख होता ब्रिगेडियर जनरल बेंजामिन ॲल्व्हॉर्ड, मुक्काम फोर्ट व्हँकुव्हर. ॲल्व्हॉर्ड हा भूमितीत रमणारा माणूस, वर्तुळं आणि गोलांच्या स्पर्शिकांवर लिहिणारा. आज दक्षिण-पूर्व ओरेगनमधल्या एका सपाट, पांढऱ्या वाळवंटाला त्याचं नाव आहे.

घोडदळाचं पहिलं काम होतं वाट राखणं. १८६० मध्ये स्नेक नदीकाठी अटर कुटुंबाच्या तांड्यावर झालेला हल्ला लोक विसरले नव्हते. १८६२ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल रूबेन मॉरी वाला वालाहून तीन कंपन्या घेऊन स्थलांतरितांच्या वाटेवर गेला आणि हिवाळ्याच्या तोंडावर परतला. १८६३ मध्ये पुन्हा. त्याच वर्षी फोर्ट बॉइझी आणि दक्षिणेत फोर्ट क्लॅमथ उभे राहिले. नकाशावर ही ठाणी टिंबं घालून पाहिली तर ती बंडखोरांच्या दिशेने नाहीत, ती खाणींच्या आणि वाटांच्या दिशेने सरकताना दिसतात.

१८६३ चा लॅपवाईचा तह हे या सगळ्याचं सर्वांत बोलकं दृश्य. नेझ पर्स या मूळ रहिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रात सोनं सापडलं होतं आणि त्यांनी त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग सोडावा अशी सरकारची मागणी होती. वाटाघाटींच्या जागी ओरेगनचं घोडदळ 'शांतता राखायला' हजर होतं. कॅप्टन जॉर्ज करी एका रात्री काही स्वार घेऊन त्यांच्या छावणीत गेला. तिथे एका मोठ्या झोपडीत प्रमुखांची सभा चालली होती. रात्रभर चर्चा झाली आणि पहाटे, अगदी सौजन्याने, एका बाजूच्या प्रमुखांनी जाहीर केलं की नेझ पर्स हे राष्ट्र आता विसर्जित झालं, इथून पुढे आपण दोन वेगळे समूह. करीने नंतर अहवालात लिहिलं त्याचा आशय असा की मी काहीही न साधता परत आलो, फक्त रॉकी पर्वतांच्या मावळतीकडच्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या सभेची शेवटची आग विझताना पाहिली. लष्करी अहवालात असं वाक्य क्वचित सापडतं. तह न मानणाऱ्या गटांत वालोवाचा जोसेफही होता, आणि १८७७ चं नेझ पर्स युद्ध तिथूनच निघालं.

१८६४ मध्ये मात्र पहाऱ्याची मोहीम झाली. पूर्व ओरेगनमधले उत्तर पायूट, ज्यांना सैनिक सरसकट 'स्नेक' म्हणत, ते कॅन्यन सिटीच्या वाटेवर खेचरं आणि घोडे पळवत होते. गोऱ्यांच्या जनावरांनी त्यांचं गवत आणि बियांची झाडं खाऊन टाकली होती, शिकार हाकलली गेली होती. उपाशी माणसाला वाटेवरून जाणारं खेचर हे चालतं अन्न असतं. खाणवाल्यांनी ओरड केली आणि एप्रिलमध्ये दोन तुकड्या निघाल्या: फोर्ट डॅलसहून कॅप्टन जॉन ड्रेक, वाला वालाहून करी.

त्याआधीच, एप्रिलच्या सुरुवातीला लेफ्टनंट जेम्स वेमायर कॅन्यन सिटीकडून लहान तुकडी घेऊन स्टीन्स पर्वताकडे गेला होता. बरोबर खाणवाल्यांचा जथा, आणि त्यांचा म्होरक्या होता सी. एच. मिलर. हाच पुढे कवी वाकीन मिलर म्हणून गाजला. दोनच वर्षांपूर्वी युजीनमधलं त्याचं वर्तमानपत्र सरकारने फितुरीच्या कारणाने बंद पाडलं होतं. दक्षिणेची बाजू घेणारा संपादक आणि लिंकनचा घोडदळ अधिकारी आता एकाच वाटेने पायूटांच्या मागावर. पूर्वेला ज्यावरून रक्त सांडत होतं तो वाद कॅस्केडच्या पलीकडे येईपर्यंत किती विरघळला होता, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. ही तुकडी पायूटांनी परतवून लावली.

१८ मे रोजी ड्रेकच्या लेफ्टनंट स्टीफन वॉटसनने क्रूकेड नदीच्या वरच्या खोऱ्यात पाउलिना या पायूट प्रमुखाच्या तळावर पहाटे चाल केली. पायूट कड्यांच्या आडोशाला होते, आणि वॉटसनची माणसं उघड्यावर. वॉटसन आणि त्याचे दोन शिपाई मारले गेले. सैन्याच्या बाजूने लढणारा, वॉर्म स्प्रिंग्ज राखीव क्षेत्रातल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख स्टॉक व्हिटली जखमी होऊन नंतर गेला. हे विसरता कामा नये: वाटाड्या आणि लढवय्या म्हणून वॉर्म स्प्रिंग्जचे लोक सैन्याबरोबर होते, पायूटांशी त्यांचं जुनं वैर होतं, आणि त्यांच्याशिवाय ड्रेकला हा मुलूख दिसलाही नसता.

उरलेला उन्हाळा पाठलागात गेला. ड्रेक आणि करी हार्नी खोऱ्यात एकत्र आले, करी थेट नेवाडाच्या हद्दीपर्यंत पोहोचला. खारं पाणी, पोटाचे आजार, लंगडणारे घोडे, आणि पुढे पळणारा शत्रू क्वचितच समोर. पाउलिना हाती लागला नाही. मोजदाद करायची तर मोहीम फसली. पण तिने पिढ्यान्पिढ्या वापरात असलेल्या वाटा लष्कराच्या नकाशावर आणल्या, पाणवठे नोंदले, कॅम्प वॉटसन आणि इतर तळांच्या जागा ठरवल्या. ऑक्टोबर १८६४ मध्ये क्लॅमथ, मोडोक आणि याहूस्किन या टोळ्यांशी तह झाला तोही फोर्ट क्लॅमथच्या सावलीत.

हे एकट्या ओरेगनचं नव्हतं. जानेवारी १८६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवकांनी बेअर नदीवर शोशोनींची कत्तल केली, नोव्हेंबर १८६४ मध्ये कोलोरॅडोच्या स्वयंसेवकांनी सँड क्रीकला. ओरेगनच्या नावावर एवढ्या प्रमाणाचं कृत्य नाही. माझ्या मते त्याचं कारण मनाचा मोठेपणा हे नसून, पायूट एका जागी एवढ्या संख्येने कधी सापडले नाहीत हे असावं.

समुद्राकडून

ॲल्व्हॉर्डला खरी झोप लागत नव्हती ती कोलंबिया नदीच्या मुखामुळे. तिथे एकही तोफ नव्हती. नोव्हेंबर १८६१ मध्ये ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दूत पकडल्याच्या प्रकरणावरून इंग्लंडशी युद्ध पेटण्याची वेळ आली तेव्हा एस्क्विमॉल्टचा ब्रिटिश आरमारी तळ एक-दोन दिवसांच्या अंतरावर होता आणि सान हुआन बेटावर इंग्रजी नौसैनिक तळ ठोकून बसले होते. त्यात दक्षिणेच्या लुटारू जहाजांची भीती. ही भीती हवेतली नव्हती. 'अलाबामा' हे असंच जहाज जानेवारी १८६४ मध्ये आपल्या मलबार किनाऱ्यापर्यंत आलं होतं. तिथे त्याने एक अमेरिकी जहाज जाळलं आणि पकडलेली माणसं अंजेंगोला उतरवली. जे केरळात पोहोचतं त्याला कोलंबियाच्या मुखावरचं अस्टोरिया लांब नाही.

ॲल्व्हॉर्डने पत्रांमागून पत्रं लिहिली. १८६३ पासून मुखाच्या दोन्ही बाजूंना मातीचे बुरूज उठू लागले: उत्तरेला केप डिसअपॉइंटमेंट, दक्षिणेला फोर्ट स्टीव्हन्स. दुसऱ्याला नाव मिळालं वॉशिंग्टन प्रदेशाचा पहिला राज्यपाल आयझॅक स्टीव्हन्सचं, जो १८६२ मध्ये शँटिलीला पडला. हा किल्ला तयार होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं. जून १८६५ मध्ये दक्षिणेच्या 'शेनान्डोआ'ने बेरिंग समुद्रात व्हेलच्या शिकारीची वीसेक अमेरिकी जहाजं पकडून बहुतेक जाळली, तेव्हा दक्षिणेचा सेनापती ली शरण येऊन दोन महिने झाले होते. ॲल्व्हॉर्ड त्याआधीच मार्चमध्ये पदावरून गेला होता.

घरातला शत्रू

दक्षिणेचे पाठीराखे ओरेगनमध्ये होते, गुप्त मंडळंही होती, आणि पॅसिफिक किनारा वेगळं राष्ट्र करायच्या गप्पाही. राइटने १८६२ मध्ये काही वर्तमानपत्रांना टपाल बंद केलं. प्रत्यक्ष बंड मात्र कधी झालं नाही. सर्वांत जवळ आलेला प्रसंग युद्ध संपल्यावरचा आहे. मे १८६५ मध्ये, लिंकनच्या खुनाला महिना होत नाही तोच, फिलिप मल्की नावाच्या माणसाने युजीनच्या रस्त्यात दक्षिणेचा अध्यक्ष जेफ डेव्हिसचा जयजयकार केला. फर्स्ट ओरेगन इन्फन्ट्रीच्या शिपायांनी त्याला पकडलं. एक जमाव त्याला फासावर द्यायला धावला, लाँग टॉम भागातले दुसरे लोक त्याला सोडवायच्या तयारीत. शेवटी बंदोबस्तात बोटीवर घालून त्याला फोर्ट व्हँकुव्हरला नेलं. सुटल्यावर त्याने बेकायदा अटकेचा दावा लावला आणि तो किरकोळ रकमेवर मिटला. ओरेगनच्या पायदळाने यादवीतल्या 'शत्रू'वर केलेली सर्वांत ठळक कारवाई ही.

मुंबईत याच युद्धाने कापूस सोन्याच्या भावाला नेला, प्रेमचंद रायचंदांच्या काळातली शेअरांची लाट उठवली आणि १८६५ मध्ये शेकडो घरं बुडवली. लीच्या शरणागतीचा दणका फोर्टातल्या पेढ्यांना जितका बसला तितका कॅम्प वॉटसनवरच्या शिपायाला बसला नाही. त्याची ड्यूटी दुसऱ्या दिवशीही तीच होती.

युद्ध संपलं, काम नाही

जुलै १८६५ मध्ये राइट नव्या कोलंबिया विभागाची सूत्रं घ्यायला 'ब्रदर जोनाथन' बोटीने निघाला. ३० जुलैला क्रेसेंट सिटीजवळ बोट खडकावर फुटली आणि तो बुडाला. अवचितपणे सगळा विभाग कर्नल करीच्या हातात आला, तोच करी ज्याने नेझ पर्सची शेवटची सभा पाहिली होती. त्याने तीन वर्षांच्या धावपळीतून एक निष्कर्ष काढला होता: उन्हाळ्यात पायूट सापडत नाहीत, हिवाळ्यात त्यांच्याकडे अन्नाचा साठा असतो आणि ते हलू शकत नाहीत, तेव्हाच गाठायचं. त्याने आतल्या मुलुखात हिवाळी तळ टाकायला सुरुवात केली. तेवढ्यात वर्ष संपायच्या आत त्यालाच सेवेतून मोकळं केलं गेलं.

युद्ध संपल्यावर देशभरात स्वयंसेवक घरी सोडले जात होते, पण इथे बदली फौज यायला वेळ लागला. 'संघराज्यासाठी' भरती झालेल्या ओरेगनच्या पायदळातल्या शेवटच्या कंपन्या दक्षिणेची राजधानी रिचमंड पडून दोन वर्षं झाली तरी पहारा देत होत्या. त्या १८६७ मध्ये सुटल्या. घोडदळ १८६६ च्या अखेरीस विसर्जित झालं. त्याच डिसेंबरात खड्या फौजेचा जॉर्ज क्रूक बॉइझीला आला, आणि त्याने करीची हिवाळी मोहीमच केली, फक्त जास्त माणसांनी आणि जास्त निर्दयपणे. पाउलिना १८६७ च्या वसंतात पशुपालकांच्या गोळीने मारला गेला. १८६८ च्या उन्हाळ्यात पायूट प्रमुख वेआवेवाने हार्नी ठाण्यावर क्रूकपुढे हत्यारं ठेवली. त्या वर्षाअखेर झालेल्या लेखी तहाला सिनेटची मंजुरी कधी मिळाली नाही. १८७२ मध्ये, फोर्ट व्हँकुव्हरवर तरुणपणी दिवस मोजलेल्या ग्रँटने अध्यक्ष म्हणून एका आदेशाने पायूटांसाठी मॅल्हूर राखीव क्षेत्र ठरवून दिलं. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला तेही वसाहतवाल्यांना खुलं करण्यात आलं.